भित्रेपणाचा खोटा शिक्का

‘मराठी माणूस मुळातच जोखमीला भितो’ या वाक्याने आपल्या व्याख्यानमालांत इतक्या टाळ्या मिळवल्या आहेत, की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला वाटत नाही. ते खोटे आहे आणि घातकही आहे.

हैदराबादजवळच्या पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ने १९७५पासून सोलापूर, अकोला व महबूबनगर जिल्ह्यांतील काही गावांचा घरोघर अभ्यास केला. त्या माहितीच्या आधारे रोझेनझ्वाइग आणि स्टार्क यांनी १९८९ साली दाखवून दिले, की लेकी दूरच्या गावी देण्यामागेही जोखीम विभागण्याचे शहाणपण असते. सगळ्या सोयऱ्यांच्या शिवारात पाऊस एकाच वर्षी दगा देत नाही. ज्वारीत तूर पेरणारा कोरडवाहू शेतकरी हेच करतो. त्याच्या घरातले मूल हा धडा पाटीपुस्तकाविना शिकते.

नोकरीच्या निमित्ताने हैदराबाद, इंदूर, बडोदे येथे स्थिरावलेल्या आपल्या घरांत मात्र मुलांनी पाहिला तो एक तारखेचा पगार, एकाच बँकेचे पासबुक आणि पुढे निवृत्तिवेतन. हा एकखांबी तंबू त्यांच्यादेखत कधी कोसळला नाही, म्हणून मोठेपणी ती त्यालाच सुरक्षितता म्हणू लागली. यात भित्रेपणा कोठे आहे? आयुष्याची पुंजी एकाच ठिकाणी ठेवणे हे तर मोठेच धाडस! सप्टेंबर २०१९मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले, तेव्हा ठेवीदारांना प्रारंभी फक्त एक हजार रुपये काढता येत होते. ठेवविम्याचे संरक्षण त्या वेळी एक लाखाचे होते. ते पाच लाखांवर गेले २०२०मध्ये.

माल्मेंडियर व नागेल यांनी २०११ साली अमेरिकी कुटुंबांविषयी असेच निरीक्षण मांडले. ज्यांच्या वाट्याला शेअरबाजाराचे वाईट दिवस आले, ते पुढेही त्यापासून दूर राहतात. जुन्या अनुभवाचे वजन घटत जाते, पण अनेक दशके ते पुरते सरत नाही. म्हणजे हा संस्कार केवळ मराठी नव्हे, आणि अटळही नव्हे.

दोष रक्ताचा असता, तर उपदेश व्यर्थच ठरला असता. तो घरच्या शिकवणीचा आहे, म्हणून उपायही घरातच आहे. वक्त्यांनी वडिलांना भित्रे ठरवणे थांबवावे. वडिलांनी घरचा जमाखर्च मुलांपुढे मांडावा आणि कोणता पैसा कोठे, का ठेवला, हे त्यांना सांगावे. कर्तृत्वाच्या गप्पा त्यानंतर.