जुना बाजार

ब्रुसेल्स शहराच्या मारोल भागांत 'झ्य द बाल' नांवाचा फरसबंदी चौक आहे. इ. स. १८७३ पासून तेथें जुना बाजार भरतो. आणि तोही आठवड्याच्या वारीं नव्हे, रोज सकाळीं! कोणाचें बिऱ्हाड मोडलें, कीं त्यांतील बशा, दिवे, पुस्तकें दगडांवर येऊन पडतात. घासाघीस करून आम्हीं एक पितळी घंटा घेतली. शेजारींच कोणा कुटुंबाच्या तसबिरींची वही होती. तीन पिढ्यांचीं माणसें, पण नांव एकाचेंही नाहीं! विकणारासही तीं अनोळखीच. आमच्या घरीं माळ्यावर अशीच पेटी आहे. तींतील माणसें ओळखणाऱ्या काकू आतां नव्वदीच्या आहेत. परततांच शिसपेन्सिल घेऊन आम्ही त्यांच्यापाशीं बसलों. वाचकहो, आपणही बसावें.