आमचा पेहराव ठरवणार कोण? कंपनीची वर्दी, फ्लेक्सवरचा भाऊ की आम्ही स्वतः?

"लय स्टाईल मारायला लागलेत हे लोक!"

हे वाक्य ज्याने आयुष्यात एकदाही ऐकले नसेल तो नशीबवान म्हणायचा. गावाकडे ते पारावर ऐकू येते. चाकणला भाड्याने खोली बघायला गेलो की आडनाव विचारता विचारता घरमालकाच्या नजरेत दिसते. आणि कंपनीच्या कॅन्टीनमध्ये ते हसत हसत, चेष्टेच्या सुरात बोलले जाते. 'हे लोक' म्हणजे कोण, हे कुणालाच समजावून सांगावे लागत नाही. कडक इस्त्रीचा शर्ट, चांगला बूट, डोळ्यांवर गॉगल ही दुसऱ्याच्या अंगावर आवड असते. आमच्या अंगावर आली की तिचा लगेच 'माज' होतो.

म्हणून आज आम्ही कपड्यांवर लिहीत आहोत. कंत्राटीकरण, शिष्यवृत्ती, खासगीकरण असे प्रश्न पेटलेले असताना कपड्यांचे काय घेऊन बसलात, असे काही ज्येष्ठ कार्यकर्ते म्हणतील. म्हणू द्या. ज्या व्यवस्थेने आमच्या पूर्वजांनी काय नेसावे हे धर्मग्रंथात लिहून ठेवले, तिला तरी कपडे हा किरकोळ विषय वाटला नव्हता.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय काढून बघा. चांडाळाने मेलेल्याच्या अंगावरचे कपडे वापरावेत, फुटक्या भांड्यात खावे, दागिने घालायचे तर लोखंडाचे घालावेत, असे तिथे सांगितले आहे. हा सरळसरळ ड्रेस कोड आहे! आपल्या पिंपरीपासून जेमतेम पंधरा-वीस किलोमीटरवरच्या पुण्यात, पेशवाईत, अस्पृश्याच्या गळ्यात मडके आणि कमरेला झाडू होता. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'ॲनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हे लिहिलेच, पण त्याच ठिकाणी इंदूर भागातल्या बलाई समाजाची हकिकतही नोंदवली. १९२८ च्या जानेवारीत ती वर्तमानपत्रात आली होती. तिथल्या सवर्णांनी बलाईंना हुकूम काढला: जरीच्या काठाची पगडी बांधायची नाही, रंगीत काठाचे धोतर नेसायचे नाही, बायकांनी सोन्याचांदीचे दागिने आणि चांगल्या चोळ्या-घागरे घालायचे नाहीत. भांडण कशावर, तर धोतराच्या काठावर!

हे सगळे जुने झाले असे कुणाला वाटत असेल तर त्याने गुजरातकडे बघावे. २०१८ साली मेहसाणा जिल्ह्यात एका दलित पोराने मोजडी घातली म्हणून त्याला मारले. २०२३ साली पालनपूरजवळच्या एका गावात चांगले कपडे आणि गॉगल घातला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाली. मारणाऱ्यांना कपड्यांचे राजकारण नेमके कळते. आपल्यातल्या शहाण्यांना मात्र ते 'फालतू' वाटते.

आणखी एक गोष्ट आपल्या पोरांना फारशी सांगितली जात नाही. मुंबईच्या गिरण्यांमध्ये अस्पृश्य कामगारांना विणकाम खात्यात घेत नसत. का? तर धागा तुटला की धोट्यात नवा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धोटा इतरांना चालत नसे. विणकाम खात्यात पगार जास्त होता, त्या पगारालाही आमचे लोक मुकले. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला की विणकाम खाते अस्पृश्यांना खुले करा, ही मागणी संपाच्या मागण्यांत घ्या. म्हणजे आम्ही कापड नेसायचे कसे यावर बंदी होतीच, कापड विणण्यावरही होती. ब्रँडची दुकाने आमच्यासाठी उघडी झाली एवढ्यावर खूश होणाऱ्यांनी हा इतिहास डोक्यात ठेवावा.

आता महाडकडे वळू. २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृती जाळली हे आपल्याला पाठ आहे. दोनच दिवसांनी, २७ तारखेला, बाबासाहेब तिथे जमलेल्या आयाबहिणींशी बोलले आणि बोलले ते लुगड्यावर! गुडघ्यापर्यंत वर खोचलेले लुगडे, गळ्यातले जड दागिने, कोपरापर्यंतच्या कथलाच्या बांगड्या ही तुमच्या अस्पृश्यपणाची ओळखचिठ्ठी आहे, ती फेका, लुगडे पायघोळ नेसा, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. मग टिपणीस आणि चित्रे यांच्या घरातल्या बायांनी तिथेच आपल्या बायांना नेसायची नवी पद्धत दाखवली. बाया त्या नव्या पद्धतीने नेसून महाडहून घरी परतल्या. जाळलेल्या पुस्तकातला ड्रेस कोड अंगावरूनही उतरवायचा होता, तो असा उतरला.

यावर काही अभ्यासक म्हणतात, ही तर सवर्णांची नक्कल झाली. आम्हाला हे पटत नाही. नक्कल करणारा वरच्याची मर्जी मिळवायला बघतो. या बाया मर्जी मिळवायला निघाल्या नव्हत्या, त्या लेबल काढायला निघाल्या होत्या. जे नेसायला मनाई होती तेच नेसून भर वस्तीतून चालत जाण्याला नक्कल म्हणत नाहीत, सत्याग्रह म्हणतात.

बाबासाहेबांच्या सुटाचेही तसेच. २२ सप्टेंबर १९२१ ला मदुराईत गांधींनी पंचा स्वीकारला आणि देशाने त्याला त्याग म्हटले. त्याग करायला आधी अंगावर काहीतरी असावे लागते! ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उघडे ठेवले त्यांनी पुन्हा उघडे होऊन काय मिळवायचे होते? म्हणून गोलमेज परिषदेला जाणारा आमचा बाप अंगाला नीट बसणारा सूट घालून गेला. पण इथे आपल्याच तरुणांना चार शब्द सुनावले पाहिजेत. पुतळ्यातला निळा सूट बघून एप्रिलच्या उन्हात टेरिकॉटचा कोट चढवायचा, घामाने निथळायचे आणि त्याला प्रेरणा म्हणायचे, यात बाबासाहेब कुठे आले? बाबासाहेब घरी साध्या सदऱ्या-लुंगीत बसून वाचत. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेताना त्यांच्या अंगावर पांढरे रेशमी धोतर आणि पांढरा कोट होता. सभा कोणती, हवा कोणती, समोर कोण, सांगायचे काय, याचा विचार करून हा माणूस कपडे निवडत होता. आपण उचलायची असेल तर ती निवड करण्याची सवय उचलावी. कोट आपोआप जमेल, किंवा लागणारही नाही.

मग आपल्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यातला पोरगा आज निवडतो कुठून?

त्याच्यासमोर पहिला नमुना म्हणजे वर्दी. आठवड्याचे सहा दिवस तो कंपनीच्या शर्टात असतो. अनेक कारखान्यांत पर्मनंटच्या शर्टाचा रंग वेगळा आणि ठेकेदाराच्या पोराच्या शर्टाचा वेगळा. कुठे शर्ट एकच, पण आयकार्डची पट्टी वेगळी. काम तेच, लाईन तीच, स्टेशन शेजारचेच. रंग बघून सुपरवायझर ठरवतो कुणाला 'साहेब' म्हणायचे आणि कुणाला 'ए' म्हणून हाक मारायची. सुरक्षेसाठी रंग लागतात असे व्यवस्थापन सांगते. हेल्मेट-बुटांचे आम्ही समजू शकतो. कंत्राटी कामगाराला लांबून ओळखता यावे, यात कसली सुरक्षा?

दुसरा नमुना चौकाचौकात टांगलेला असतो. फ्लेक्सवरचा भाऊ! पांढरा फटक लिनन, गळ्यात साखळी, मनगटात कडे, एक हात कानाला लावलेल्या फोनवर. जमिनी विकून आलेल्या पैशातून ही गुंठामंत्री फॅशन इथे रुजली आणि तिचे टोक आपल्या भोसरीनेच गाठले. २०१३ च्या सुमारास दत्ता फुगे यांनी तीन किलोंहून जास्त सोन्याचा, सव्वा कोटीच्या आसपासचा शर्ट शिवून घेतला तेव्हा जगभरची वर्तमानपत्रे इकडे बघत होती. २०१६ च्या जुलैत त्यांचा खून झाला. गेलेल्या माणसावर आम्हाला टीका करायची नाही. आम्हाला वाईट वाटते ते आपल्या पोरांचे. ज्यांच्याकडे विकायला एक गुंठाही नव्हता, ज्यांचे आजोबा १९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यातून पत्र्याची पेटी घेऊन इथे उतरले, ती पोरे बेन्टेक्सची साखळी घालून त्याच भाऊच्या मागे हात बांधून फोटोत उभी राहतात. फ्लेक्सवर त्यांचा चेहरा असतो सर्वांत खालच्या ओळीत, अंगठ्याएवढा.

तिसरा नमुना मोबाईलमध्ये. रील्सवाला सांगतो, हा बूट घे, ही हूडी घे. पगार ठेकेदाराच्या हातून येतो, तोही कापून. फोन हप्त्यावर, आणि आता बूटही हप्त्यावर! ज्या नोकरीची सहा महिन्यांची खात्री नाही तिच्या भरवशावर बारा महिन्यांचा हप्ता घेणे याला आम्ही स्टाईल म्हणणार नाही. फर्स्ट कॉपी घालणाऱ्या पोरांना हसणाऱ्यांतले मात्र आम्ही नाही. चांगले दिसावे असे वाटणे हा गुन्हा नाही, ती आपल्या आजीचीही इच्छा होती.

आजीवरून आठवले. प्रेरणा शोधायची तर एका गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, घरातली ट्रंक उघडा. जुन्या फोटोंत काय दिसते बघा. स्टुडिओवाल्याचा कोट-टाय घालून ताठ उभे राहिलेले आजोबा दिसतील. तो कोट त्यांचा नव्हता, खांदे ढिले पडलेत, पण मान बघा! पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली, मागोमाग मोठे कारखाने आले. पर्मनंट झालेल्या आपल्या पहिल्या पिढीने टेरिकॉटचे सफारी शिवले, खिशाला पेन लावले. आजच्या पोरांना तो सफारी हास्यास्पद वाटतो. अंगठाबहाद्दर म्हणून हिणवलेल्या बापाच्या मुलाने खिशाला पेन लावणे म्हणजे काय होते, हे त्या पोरांना कुणीतरी सांगायला हवे. आणि पांढरी साडी नेसलेली आजी! २५ डिसेंबर १९५४ ला बाबासाहेबांनी आपल्या देहूरोडला बुद्धमूर्ती बसवली. महाडची तारीख आणि ही तारीख एकच. दरवर्षी त्या दिवशी देहूरोडला पांढऱ्या कपड्यांची जी रीघ लागते तिच्यात प्रत्येक बाईची पांढरी साडी वेगळी असते. कुणाचा काठ निळा, कुणाचा जरीचा, कुणी सुती, कुणी नायलॉन, कुणी पदर डोक्यावरून घेतलेला तर कुणी पिन लावलेला. सगळ्यांचा रंग एक आणि निवड प्रत्येकीची स्वतःची. आम्हाला तरी याहून चांगले फॅशन मासिक माहीत नाही.

बायांचा विषय निघालाच आहे तर कडू बोलून घेऊ. स्टेजवर महाडच्या भाषणाचा दाखला देणारे आपलेच काही भाऊ घरी बहिणीच्या जीन्सवर नाक मुरडतात. शिफ्ट संपवून रात्री कंपनीच्या बसने उतरणाऱ्या पोरीच्या ओढणीची चौकशी करतात. जयंतीला मात्र तिने पांढरी साडी आणि निळा फेटाच घालावा, कारण ढोलपथकात ते शोभते! बाबासाहेबांनी बायांना ओळखचिठ्ठी फेकायला सांगितले, तुम्ही नवी चिकटवू नका. तिने काय घालावे यावर तुमचे मत तिने विचारले तर सांगा. नाही विचारले तर गप्प बसा.

कुणी म्हणेल, हे सगळे ठीक, पण घालायचे काय? आम्ही याद्या देणार नाही, ते काम रील्सवाले करतात. पिंपरी कॅम्पात कापड घ्या आणि वस्तीतल्या शिंप्याकडे टाका. आपल्याच समाजातली कितीतरी माणसे मशीनवर बसलेली आहेत. अंगाला बसणारा एक शर्ट लोगोवाल्या तीन ढगळ टी-शर्टांना भारी पडतो. खांदा, बाही, कॉलर कशी हवी हे शिंप्याला सांगताना आपल्याला काय आवडते ते आपले आपल्यालाच कळू लागते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, तिथे जाऊन चाळा. आणि मुंबईच्या सुधीर राजभर यांचे 'चमार स्टुडिओ'चे काम जरूर बघा. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द त्यांनी ब्रँडचे नाव केले आणि धारावीच्या कारागिरांसोबत टाकाऊ रबरातून पिशव्या घडवल्या. त्या पिशव्या आपल्या खिशाला परवडतील असे नाही. पण रबराच्या भंगाराचा तुटवडा आपल्या पट्ट्यात कधी होता? हात आपल्याकडे आहेत, वेल्डिंगपासून शिलाईपर्यंत सगळे येणारे.

आणि कामगार संघटनांत असलेल्या आपल्या साथींना एक थेट सांगणे आहे. पगारवाढ, बोनस, कॅन्टीनचे दर या मागण्या तुम्ही मांडता, मांडायलाच हव्यात. पुढच्या मागणीपत्रात आणखी एक ओळ घाला: एकाच लाईनवर एकच काम करणाऱ्या कायम आणि कंत्राटी कामगारांना एकाच रंगाची वर्दी आणि एकाच रंगाची आयकार्डची पट्टी मिळाली पाहिजे. व्यवस्थापन म्हणेल, हा काय विषय झाला? काही पर्मनंट साथीही कुरकुरतील, त्यांना तो रंग मिरवायची सवय झाली आहे. १९२८ साली विणकाम खात्याच्या मागणीवरही कुरकुर झालीच होती, आणि ती करणारे गिरणीमालक नव्हते, शेजारच्या मागावरचे कामगार होते.