नेम आणि नेमणूक

श्रावणांत आमच्या चंदगडास पावसाची झड लागली म्हणजे चार चार दिवस घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय राहत नाहीं, आणि मग माजघरांत असे वाद निघतात कीं जे उन्हाळ्यांत कोणास सुचलेहि नसते. यंदाचा वाद आमच्या धाकट्या बंधूंच्या नातीवरून निघाला. ती आठवींत आहे. एका शिबिरांत तिनें हवेची रायफल हातांत धरली, आणि तेव्हांपासून तिला नेमबाजी शिकावयाची आहे. तिच्या आजीचें म्हणणें, मुलीला बंदूक हवी कशाला. आईचें म्हणणें, डोळ्यांस ताण पडेल. तिच्या वडिलांनीं, म्हणजे आमच्या पुतण्यानें, या दोन्ही हरकती बाजूस सारून तिसरीच काढली. तो बँकेंत असल्यामुळें त्याचा प्रश्न हिशेबी होता. "तात्या, खर्चाचें एक वेळ पाहून घेऊं. पण जगांत पहिला नंबर आला तरी ऑलिंपिकला जावयास मिळेलच असें नाहीं म्हणतात, तें खरें काय?"

खरें आहे, आणि त्याचा दाखला दूर शोधावयास नको. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनीं २०१० सालीं म्यूनिक येथील जागतिक स्पर्धेंत, पालथें पडून ५० मीटरांवर रायफल मारण्याच्या प्रकारांत ६०० पैकीं ५९७ गुण मिळवून सुवर्णपदक जिंकलें. नेमबाजींत जगज्जेत्या झालेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. परंतु स्त्रियांचा हा प्रकार ऑलिंपिकांत नाहींच. त्यामुळें जगांतील पहिला क्रमांकहि ते दार उघडावयास उपयोगी पडला नाहीं. ऑलिंपिकांत आहे तो गुडघ्यावर बसून, पालथें पडून व उभें राहून अशा तीन आसनांचा प्रकार. त्यांत त्यांनीं नोव्हेंबर २०१९ मध्यें दोहा येथील आशियाई स्पर्धेंत अंतिम फेरी गाठली व भारतासाठीं एक जागा मिळविली. टोकियोचें ऑलिंपिक एक वर्ष लांबून २०२१ सालीं भरलें, आणि वयाचीं चाळीस वर्षें पुरीं झाल्यावर त्या तेथें प्रथम उभ्या राहिल्या. क्रमांक ३३ वा लागला. जगज्जेतेपद आणि ऑलिंपिक यांमध्यें अकरा वर्षें गेलीं!

वर "भारतासाठीं एक जागा" असें आम्हीं लिहिलें आहे, तें मुद्दाम. पुष्कळांची समजूत चुकते ती याच ठिकाणीं. ऑलिंपिकांत नेमबाजास नुसता अर्ज करून जातां येत नाहीं. पॅरिसच्या २०२४ च्या ऑलिंपिकांत या खेळास एकंदर ३४० जागा होत्या, आणि एका वैयक्तिक प्रकारांत एका देशाचे दोघांहून अधिक घ्यावयाचे नाहींत असा नियम होता. या जागा आधींच्या दोन वर्षांत जागतिक स्पर्धा, खंडाखंडाच्या स्पर्धा इत्यादि ठिकाणीं वांटल्या जातात; त्यांना कोटा म्हणतात. जागा जिंकतो खेळाडू. पण बहुतेक जागांच्या सातबाऱ्यावर नांव लागतें देशाचें. ती जमीन कसावयास कोणास द्यावयाची हें देशाची संघटना मागाहून ठरविते, आणि तीस योग्य वाटलें तर जिंकणारास सोडून दुसऱ्यास देते.

त्याच्या अगोदरची वाटचाल निराळीच. नेमबाजाचें वर्ष वारीसारखें मुक्कामामुक्कामानें जातें. जिल्ह्यांतून राज्याच्या स्पर्धेस, तेथें किमान गुण मिळाले तर वरच्या स्पर्धेस, तेथें मिळाले तर राष्ट्रीय स्पर्धेस, आणि राष्ट्रीय स्पर्धेंतून देशाच्या संघाच्या निवडचांचण्यांस. भारताच्या नॅशनल रायफल असोसिएशनची स्थापना १९५१ सालीं झाली, ती लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांच्या पुढाकारानें. खादीधारी, गांधीजींच्या सहवासांत वाढलेल्या गृहस्थानें रायफलवाल्यांची संस्था काढावी याचें आम्हांला नेहमीं कौतुक वाटतें. त्यांच्या नांवाची अखिल भारतीय स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची अलीकडची पायरी म्हणून नेमबाजांच्या चांगल्या परिचयाची आहे. या वारींत कुस्तीप्रमाणें समोर प्रतिस्पर्धी नसतो. असतो तो ५० मीटरांवरचा एक कागदी किंवा विजेवर चालणारा ठिपका. दहा गुणांचें वर्तुळ अवघें १०.४ मिलिमीटर रुंदीचें, म्हणजे शर्टाच्या गुंडीएवढें. वाचकांनीं अंगणाच्या एका टोंकास गुंडी ठेवून दुसऱ्या टोंकावरून पाहावी, आणि आपलें अंगण बहुधा ५० मीटरांचें नाहीं हें ध्यानांत धरावें.

आतां आपल्याच जिल्ह्याची दुसरी गोष्ट. राधानगरी तालुक्यांतील कांबळवाडी हें आमच्यासारखेंच पावसाळी मुलखांतील लहान गांव. तेथील स्वप्निल कुसाळे यांचे वडील शिक्षक, आई गांवच्या सरपंच. शासनाच्या क्रीडाप्रबोधिनींत निवड होऊन मुलगा घराबाहेर पडला, नेमबाजीकडे वळला, आणि पुढें मध्य रेल्वेंत तिकीट तपासनीस झाला. दीपाली देशपांडे, ज्या स्वतः २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकांत उतरल्या होत्या, त्यांच्या मार्गदर्शनाखालीं त्यांचा अभ्यास झाला. ऑक्टोबर २०२२ मध्यें कैरो येथील जागतिक स्पर्धेंत तीन आसनांच्या प्रकारांत ते चवथे आले. पदक हुकलें, पण पहिल्या चौघांस जागा होती. ती भारताच्या खात्यांत जमा झाली. पुढल्या वर्षीं ऑगस्टमध्यें बाकू येथें उत्तर प्रदेशाचे अखिल शेवराण यांनीं कांस्यपदक मिळवून त्याच प्रकाराची दुसरी जागा आणली. झाले दोन. हिशेब मिटला असें कोणासहि वाटेल.

तो मिटला नाहीं. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्ली व भोपाळ येथें निवडचांचण्या ठेवण्यांत आल्या. जागा आणणारे दोघे व त्यांच्या तोडीचे इतर मिळून प्रत्येक प्रकारांत पांच जण पुन्हां एका रेषेवर उभे केले गेले. मध्य प्रदेशाचे ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर यांनीं या चक्रांत जागा आणलेली नव्हती; पण चांचण्यांत ते पहिले आले, कुसाळे दुसरे आले, आणि जागतिक पदक मिळवून जागा आणणारे शेवराण घरीं राहिले. याच शेवराणांचें आणखी एक सांगितलें पाहिजे. सप्टेंबर २०२३ मध्यें हांगचौच्या आशियाई क्रीडास्पर्धेंत या तिघांनीं मिळून सांघिक सुवर्णपदक जिंकलें होतें. तेथेंहि प्राथमिक फेरींत शेवराणांचे गुण अंतिम फेरीस पुरेसे होते. पण एका देशाचे दोघेच घेण्याच्या नियमानें त्यांना बाहेर बसावें लागलें. आपल्याच घरांतील दोघे भाऊ पुढें, म्हणून तिसऱ्यास पान नाहीं, असा हा प्रकार.

हें वाचून आमच्या घरांत दोन तट पडले. बंधू म्हणाले, ज्यानें बी पेरलें त्यानेंच कापणी करावी. दुसऱ्यास खळ्यावर आणून बसविणें हा अन्याय आहे. त्यांच्या बाजूस एक मुद्दा बळकट आहे. ऑलिंपिक जुलैच्या अखेरीस, आणि मे महिन्यापर्यंत मनुष्यास आपण जाणार कीं नाहीं हें ठाऊक नाहीं. अशा स्थितींत त्याचा अर्धा जीव तेथेंच खर्ची पडतो. हें आम्ही मान्य करतों.

तरी आम्ही चांचणीच्या बाजूचे आहों, आणि त्यास कारण आमची स्वतःची एक चूक आहे. पुष्कळ वर्षांपूर्वीं एका शाळेंत असतां संस्कृत पाठांतराच्या स्पर्धेस एकच मुलगा पाठवावयाचा होता. आदल्या वर्षीं ज्यानें ढाल आणली होती त्याचेंच नांव आम्हीं न विचारतां, न ऐकतां लिहून टाकलें. ढाल त्याची, तेव्हां मान त्याचा, हा सरळ हिशेब. वर्षभरांत त्याचा आवाज फुटला होता व मन क्रिकेटांत गेलें होतें. दुसरा एक मुलगा, डोंगरावरच्या वाडीहून रोज चालत येणारा, सबंध अध्याय तयार करून बसला होता. त्यानें तक्रार केली नाहीं. स्पर्धा होऊन गेल्यावर एके दिवशीं मधल्या सुटींत तो झाडाखालीं एकटाच म्हणत होता तो आम्हीं ऐकला. उच्चार इतका स्वच्छ कीं आम्हांस पुढें जाववेना. अर्ध्या तासाची परीक्षा घेतली असती तर काय बिघडलें असतें? हा प्रश्न आम्हांला निवृत्तीनंतरहि सोडीत नाहीं.

महाभारतांत कौरव-पांडवांच्या शस्त्रविद्येचें प्रदर्शन भरलें असतां कर्ण रंगणांत आला, तेव्हां कृपाचार्यांनीं त्याचें कुल विचारलें. त्याचा नेम कोणीं पाहिला नाहीं असें नाहीं. अर्जुनानें करून दाखविलेलें सर्व त्यानें करून दाखविलें होतें. अडलें तें अधिकारापाशीं, आणि दुर्योधनानें अंगदेशाचें राज्य दिलें तेव्हां तो तोडगा निघाला. तिकीट तपासनीस दिल्लीच्या रेषेवर उभा राहतो व त्यास कोणी कुल विचारीत नाहीं, गुण विचारतात, हें आमच्या मतें लहान पाऊल नव्हे. आमच्यासारख्या घरांनीं, जेथें कुल विचारण्याची संवय फार दिवसांची आहे, तें विशेष लक्षांत घ्यावें.

मात्र कुल सुटलें तरी द्रव्य सुटत नाहीं. रायफल लाखांच्या हिशेबांत जाते, गोळी सुटली कीं तिचे पैसे गेले, आणि सरावांत त्या हजारांनीं सुटतात. कुसाळे यांच्या वडिलांनीं गोळ्यांसाठीं कर्ज काढलें होतें असें पदकानंतर वृत्तपत्रांत आलें. शिक्षकाच्या पगारांत तें कसें बसविलें असेल याची आम्हांला बरीच कल्पना आहे. १९५२ सालीं हेलसिंकीस जाण्यासाठीं गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांस पैसे कमी पडले, तेव्हां कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनीं आपलें घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले असें सांगतात. खाशाबांनीं कुस्तींत कांस्यपदक आणलें. महाराष्ट्राच्या कोणा खेळाडूस वैयक्तिक ऑलिंपिक पदक पुन्हां मिळावयास त्यानंतर ७२ वर्षें लागलीं.

तें मिळालें १ ऑगस्ट २०२४ रोजीं, पॅरिसपासून बरेंच दूर असलेल्या शातोरू गांवीं. प्राथमिक फेरींत ६०० पैकीं ५९० गुणांनीं कुसाळे सातवे आले. पहिले आठ पुढें जावयाचे होते. तोमर ५८९ गुणांवर अकरावे राहिले. एका गुणांत चार जागांचें अंतर! अंतिम फेरींत गुडघ्यावरची पाळी संपली तेव्हां कुसाळे सहावे होते, पालथ्या आसनानंतर पांचवे, आणि उभें राहून मारतांना एकेक जण गळत गेला तसे ते ४५१.४ गुणांवर तिसरे ठरले. सुवर्ण चीनच्या ल्यू युकून यांस, रौप्य युक्रेनच्या सेरही कुलिश यांस. हांगचौस आघाडीवर असतां एका वाईट गोळीनें हेच कुसाळे चवथे झाले होते. कैरोसहि चवथे, हांगचौसहि चवथे. तिसरें होण्यास त्यांना दोन वर्षें लागलीं.

पुतण्यानें हें सर्व ऐकून घेतलें व वहींत कांहीं आंकडे मांडले. शेवटीं असें ठरलें कीं पहिलें एक वर्ष रायफल विकत घ्यावयाची नाहीं, दिवाळीच्या सुटींत कोल्हापुरास मावशीकडे राहून तेथील शिक्षकांस मुलगी दाखवावयाची, आणि ते म्हणतील तसें पुढें. "आणि काका, निवड नाहीं झाली तर?" असें त्यानें जातां जातां पुन्हां विचारलेंच. उत्तर नातीनेंच दिलें. ती म्हणाली, "बाबा, आधीं राज्याला तरी जाऊं द्या."

रायफल नसल्यानें सध्यां ती ओसरीवर पाण्यानें भरलेला तांब्या घेऊन, हात लांब करून, पाणी हलूं न देतां उभी राहते. किती वेळ टिकते तें आजी मोठ्यानें मोजते. काल दोनशें दहा झाले, आणि मधेंच दूध उतूं गेल्यामुळें मोजणी थांबली, यावरून आजी व नात यांचें अजून भांडण चालू आहे.