गाळ्यातली उमेदवारी

वसई गावात होळी नावाच्या भागात, पारनाक्याला किंवा पापडीला एखाद्या घरात मुलाला कारखान्यात शिकाऊ म्हणून पाठवण्याचा विषय काढला, की पहिले उत्तर ठरलेले असते. वर्षभर राबवून घेतील आणि शेवटी हातावर एक कागद ठेवतील. दुसरे उत्तर जरा सौम्य असते: आधी पदवी तर होऊ दे. पदवी होते. मुलगा चर्चगेट लोकलने मुलाखतींना जाऊ लागतो आणि टेबलापलीकडचा माणूस विचारतो, अनुभव किती? तोवर वय बावीस-तेवीस झालेले असते. ज्या रेल्वे रुळांपलीकडे नवघर, गोखिवरे, वालीव आणि सातिवलीचे शेकडो औद्योगिक गाळे रोज माणसे शोधत असतात, त्या बाजूला हा मुलगा एकदाही गेलेला नसतो.

तरुणांना कामाचा अनुभव मिळावा म्हणून शिक्षणसंस्था आणि उद्योजक यांनी हातमिळवणी करावी, याला उघड विरोध कुणी करत नाही. विरोध होतो तो आडून, आणि त्यातला सर्वांत जुना आक्षेप शोषणाचा आहे. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ब्रिटिश सरकारने 1850 साली शिकाऊ उमेदवारांचा जो कायदा केला, तो मुख्यतः धर्मादाय संस्थांत वाढणाऱ्या अनाथ आणि गरीब मुलांना कारागिरांकडे कराराने बांधून देण्यासाठी होता. स्वतंत्र भारताच्या 1961 च्या कायद्यानेही शिकाऊ उमेदवाराला कामगार मानले नाही, प्रशिक्षणार्थी मानले. मुदत संपल्यावर त्याला कामावर ठेवणेही मालकावर बंधनकारक केले नाही. 20 मार्च 2018 च्या सकाळी माटुंगा आणि दादरच्या दरम्यान शेकडो तरुण रुळांवर उतरले आणि मध्य रेल्वे साडेतीन तासांच्या आसपास अडकून पडली. ते रेल्वेच्या कारखान्यांतून शिकाऊ उमेदवारी पूर्ण केलेले तरुण होते. रेल्वेत आमच्यासाठी 20 टक्के जागा राखीव ठेवण्याची मर्यादा काढा आणि आम्हाला थेट सामावून घ्या, ही त्यांची मागणी होती. शिकाऊ उमेदवारी म्हणजे फसवणूक, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा ठसठशीत पुरावा कुठे मिळणार?

पण हा पुरावा नेमके काय सिद्ध करतो ते पाहायला हवे. आपल्याला काही शिकवले नाही, अशी त्या तरुणांची तक्रार नव्हती. ते रेल्वेचेच काम शिकले होते. त्या कामाचे मोठे गिऱ्हाईक एकच, आणि त्याच्या भरतीची परीक्षा देशभराची. एका अवाढव्य मालकाच्या दारात सगळी शिदोरी ठेवली की दार बंद झाल्यावर रुळांवर बसण्यावाचून गत्यंतर उरत नाही. लेथवर हात बसलेल्या टर्नरची किंवा इंजेक्शन मोल्डिंगचा साचा बसवता येणाऱ्या मुलीची वसई पूर्वेत तशी अडचण होत नाही. एका गाळ्याने नाही म्हटले तर त्याच गल्लीत दुसरा असतो.

शोषणाची खरी जागा तर वेगळीच आहे. वसईच्या गाळ्यांत कसल्याही नोंदीविना ‘हेल्पर’ म्हणून लागलेला मुलगा कोणत्या कागदावर असतो? बोट मशीनमध्ये गेले तर तो तिथे कामाला होता हे सिद्ध करण्यापासून सुरुवात. नोंदणीकृत शिकाऊ उमेदवाराला 1961 च्या कायद्याने 1948 च्या कारखाना कायद्यातील आरोग्य, सुरक्षा आणि कल्याणाच्या तरतुदी कामगारासारख्याच लागू केल्या, इजा झाली तर भरपाईचा हक्क दिला. 2019 च्या नियमांनी त्याचे किमान विद्यावेतन पात्रतेनुसार महिना 5,000 ते 9,000 रुपये ठरवले. रक्कम तुटपुंजी आहे, हे मान्यच. मे 2025 मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने ती 6,800 ते 12,300 करण्याची शिफारस केली, तीसुद्धा वसईतले घरभाडे पाहता फार नव्हे. पण ज्याला शोषणाची चिंता आहे, त्याने करार मोडीत काढण्याची भाषा करू नये. बिनकराराच्या हेल्परलाही करारात आणा, असे म्हणावे.

दुसरा आक्षेप आत्मसंतुष्ट आहे: सरकार हे सगळे करतेच आहे, वेगळी भागीदारी कशाला? महाराष्ट्राने जुलै 2024 मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना सुरू केली. वय 18 ते 35, बारावी झालेल्यांना 6,000, आयटीआय किंवा पदविकेला 8,000 आणि पदवीधरांना 10,000 रुपये. आषाढीला पंढरपुरात तिचा उल्लेख ‘लाडक्या भावा’साठीची योजना म्हणून झाला आणि तेच नाव रूढ झाले. (कामाचा अनुभव आणि ओवाळणी यांची गल्लत तिथेच झाली, असे म्हणायला हरकत नाही.) सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर गेली. हजारो तरुण सरकारी कार्यालयांत आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत बसले, आणि मुदत संपत आली तशी कायम करण्याच्या मागणीसाठी आझाद मैदानात जाऊन बसले. त्यांना दोष देता येणार नाही. रिकाम्या पदाच्या खुर्चीवर बसवले की माणूस ती खुर्ची मागणारच. पैसे सगळे सरकारने द्यायचे, मालकाने फक्त हजेरी लावायची, तर मालकाचे त्यात गुंतते काय? आणि ज्याचे काही गुंतलेले नाही, तो शिकवण्यासाठी मशीन बंद ठेवील का?

केंद्राच्या इंटर्नशिप योजनेने मोठ्या कंपन्यांचा रस्ता धरला. देशातल्या 500 अव्वल कंपन्या, 21 ते 24 वयाचे तरुण, बारा महिने, महिना 5,000 रुपये. ऑक्टोबर 2024 मध्ये सुरू झालेल्या प्रायोगिक टप्प्याच्या पहिल्या फेरीत 82,000 हून अधिक जागा देऊ केल्या गेल्या, 28,000 च्या आसपास उमेदवारांनी होकार दिला आणि प्रत्यक्ष रुजू झाले सुमारे 8,700. नकारामागे कामाचे ठिकाण दूर असणे हे एक प्रमुख कारण होते. यात नवल काय? होळीजवळ राहणाऱ्या मुलाने 5,000 रुपयांत परमुलखात खोली कशी घ्यावी? घरून डबा घेऊन, बसने वसई रोड स्थानक गाठून आणि पूल ओलांडून तो ज्या गाळ्यात अर्ध्या-पाऊण तासात पोचू शकतो, तो मालक अव्वल पाचशेंत नसतो.

तिसरा आक्षेप खुद्द गाळेवाल्यांचा आहे आणि सर्वांत वजनदार तोच. आम्ही सहा महिने शिकवायचे, माल खराब झालेला सोसायचा आणि मुलगा तयार झाला की शेजारच्याने हजार रुपये जास्त देऊन न्यायचा. शिवाय बारा-पंधरा माणसांच्या गाळ्यात शिकवायला वेगळा माणूस आणायचा कुठून? एका गाळ्यात फक्त प्रेस, दुसऱ्यात फक्त पॅकिंग. एकाच मालकाकडे राहून मुलगा शिकणार किती? हा हिशेब चोख आहे. म्हणूनच ‘उद्योजकांनी सामाजिक बांधिलकी दाखवावी’ असली भाषणे या गल्ल्यांत ऐकली जात नाहीत.

कायद्याचा बडगाही इथे पोचत नाही. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनाच शिकाऊ उमेदवार घेणे सक्तीचे आहे, मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के. चार ते एकोणतीस माणसांच्या ठिकाणी ते ऐच्छिक. आणि सक्ती मोडली तर? 2014 च्या दुरुस्तीने तुरुंगवास काढून टाकला आणि दंड ठेवला, कमी पडलेल्या प्रत्येक उमेदवारामागे पहिले तीन महिने दरमहा 500 रुपयांपर्यंत आणि त्यानंतर 1,000. विद्यावेतन किमान 5,000 आणि दंड 500. कोणता हिशेबनीस मालकाला उमेदवार घेण्याचा सल्ला देईल?

मात्र त्याच कायद्याच्या आठव्या कलमात एक तरतूद आहे, जिच्याकडे कुणाचे फारसे लक्ष जात नाही. अनेक मालकांनी एकत्र येऊन आपापल्या शिकाऊ उमेदवारांना प्रशिक्षण द्यायला तिच्यात मुभा आहे. ही तरतूद जणू वालीव-सातिवली डोळ्यांसमोर ठेवूनच लिहिली असावी. दहा गाळे एकत्र आले, मुलगा तीन महिने लेथवर, तीन महिने साचा विभागात, मग तपासणीत आणि शेवटी खरेदी-पाठवणीच्या टेबलावर राहिला, तर त्याला धंदा अख्खा कळतो. पळवापळवीचा प्रश्नही बराच निवळतो, कारण पळवणारा शेजारी शिकवणाऱ्यांतलाच एक असतो. विद्यावेतनाचा बोजा विभागला जातो. केंद्राच्या 2016 पासूनच्या प्रोत्साहन योजनेत विद्यावेतनाचा 25 टक्के, कमाल 1,500 रुपये, वाटा सरकार उचलते, तो वेगळाच.

लहान मालक शिकवू शकत नाही, हे तर अनुभवाला धरूनच नाही. ज्या जर्मनीचे गोडवे मंत्रालयात गायले जातात, आणि ज्या देशातल्या बाडेन-वुर्टेमबर्गशी महाराष्ट्राने 2024 मध्ये कुशल मनुष्यबळाचा करार केला, तिथल्या उमेदवारीचा मोठा भार लहान-मध्यम उद्योगच वाहतात. फरक एवढाच, की शिकवणाऱ्या कारागिराला तिथे शिकवण्याचीही पात्रता मिळवावी लागते आणि उमेदवाराची अंतिम परीक्षा मालक नव्हे, उद्योजकांचे मंडळ घेते. इतके दूर जायचे नसेल तर 1910 चे किर्लोस्करवाडी आठवावे. औंध संस्थानातल्या निवडुंगाच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना तयार फिटर कुठून मिळणार होते? त्यांनी आसपासच्या गावांतली माणसे कामावरच घडवली.

कॉलेजांचा आक्षेप थोडक्यात निकाली काढता येतो. पदवी म्हणजे हातकाम नव्हे, हा सूर पाबळच्या विज्ञान आश्रमाने 1983 पासून खोटा पाडला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तिथे शाळकरी मुलांना जोडकाम, वीजकाम आणि शेती हा अभ्यासाचाच भाग म्हणून शिकवले. आता नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या अभ्यासक्रमातच कार्यप्रशिक्षणाचे चार श्रेयांक घातले आहेत, म्हणजे 120 तास. ते मामाच्या दुकानाचा शिक्का आणूनही भरता येतात, ही भीती रास्त आहे. ती घालवायची तर कॉलेज आणि मालक यांच्यात लेखी ठरले पाहिजे: कोणत्या महिन्यात कोणते काम, शिकवणार कोण, नोंदवहीवर सही कुणाची. वाणिज्य शाखेच्या मुलांसाठी गाळेच हवेत असेही नाही. 1918 साली स्थापन झालेली आणि पापडीत मुख्यालय असलेली बॅसीन कॅथॉलिक बँक, इतर सहकारी बँका, रुग्णालये हीही वसईचीच आस्थापने आहेत. कर्जाचा अर्ज तपासणे हेसुद्धा कुणाच्या तरी शेजारी बसूनच शिकावे लागते.

राहता राहिला मुलींचा प्रश्न, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. गाळ्यात मुलगी कशी पाठवायची, असे वसईतले पालक विचारतात तेव्हा त्यामागे सगळाच जुना संकोच नसतो. संध्याकाळी सहानंतर आतल्या गल्ल्यांत रिक्षा मिळण्याची मारामार असते, आणि कित्येक वसाहतींत मजल्यामागे एकच सामाईक स्वच्छतागृह, तेही पुरुषांचे. सुरक्षेचेही तसेच. सप्टेंबर 2022 मध्ये चंद्रपाड्याच्या एका कारखान्यात स्फोट होऊन कामगार दगावले, ते पालक विसरलेले नाहीत. शिकाऊ उमेदवारांना लागू केलेल्या कारखाना कायद्याच्या तरतुदींत स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह होते, यंत्रांना संरक्षक जाळीही होती. दहा गाळ्यांनी मिळून वीस उमेदवार घेतले आणि त्यांत आठ मुली असल्या, तर वसाहतीच्या सोसायटीच्या पुढच्या सभेत पहिला विषय बहुधा विद्यावेतनाचा नसेल, स्वच्छतागृहाचा असेल. ते बांधले गेले तर आज तिथे पॅकिंगला बसणाऱ्या बायकांचीही सोय होईल. त्यांनी आजवर ही मागणी केली असेल, तरी तिची नोंद कुठल्या करारात नाही.