जुन्या मोटारसायकली आणि नवी वर्णने

खरसुंडीच्या किंवा पुसेगावच्या जत्रेत खिलार बैल घेणारा शेतकरी विकणाऱ्याच्या बोलण्यावर विसंबत नाही. तो बैलाचे दात पाहतो. बैल दोनदाती, चारदाती की जुळलेला, याचा निवाडा तेथेच होतो. सांगलीत हळदीचे सौदे निघतात तेव्हाही हळकुंड मोडून आतला रंग पाहिल्याखेरीज जाणता व्यापारी बोली करीत नाही. लिलावाचे व्यवहारज्ञान ज्या मुलखाच्या अंगवळणी पडले आहे, त्याच मुलखातील सुशिक्षित तरुण जुन्या मोटारसायकलीच्या लिलावात मात्र छापील वर्णनावर भाबडा विश्वास ठेवतो, ही चिंतेची बाब होय.

‘विंटेज’ हा शब्द मूळचा द्राक्षाच्या हंगामाचा. तासगावकरांना याची मौज वाटावी. इंग्लंडमधील जाणकारांनी तो 1930 अखेरपर्यंतच्या गाड्यांपुरता राखून ठेवला होता. आपल्याकडे 1985 साली आलेल्या यामाहा आरएक्स 100 लाही तो खुशाल चिकटविला जातो. वास्तविक केंद्र सरकारने जुलै 2021 मध्ये मोटार वाहन नियमांत दुरुस्ती करून या शब्दाला निश्चित अर्थ दिला आहे. वाहन 50 वर्षांहून जुने हवे, मूळ स्वरूपात राखलेले हवे. सांगाडा, बाह्यांग वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशा वाहनाची नवी नोंदणी करण्यास 20,000 रुपये शुल्क असून त्याला ‘व्हीए’ अक्षरांचा स्वतंत्र क्रमांक मिळतो. म्हणजे वर्णनातील एका खोट्या सालाने केवळ किंमतच फुगते असे नाही. सरकारी दप्तरातही असत्याची नोंद होण्याचा मार्ग मोकळा होतो.

असत्य शिरते कोठून? प्रत्येक वेळी लबाडीतूनच शिरते असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1955 नंतर मद्रासला बनू लागलेली एनफिल्ड बुलेट कित्येक दशके बाह्यरूपाने फारशी बदलली नाही. 1965 ची गाडी आणि 1980 ची गाडी रंगवून शेजारी उभी केली, तर नवख्याला फरक सांगता येणार नाही. म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यातून 1960 च्या दशकात बाहेर पडलेल्या जावाचीच वंशज म्हणजे 1970 च्या दशकातील येझदी. टाकीवरील नाममुद्रा बदलली की येझदीची जावा होते आणि भाव चढतो. दुसऱ्या महायुद्धातील बीएसए एम 20 ची कथा आणखी निराळी. ही गाडी ब्रिटिश सैन्यासाठी लाखाच्या वर संख्येने बनली. पुढे नागरी हातांत गेलेल्या अशा गाड्यांना मिळतील ते सुटे भाग बसविले गेले. तीन गाड्यांच्या अवयवांतून उभी राहिलेली गाडी चालते, सुंदरही दिसते; पण तिला ‘संपूर्ण मूळ’ म्हणणे खोटेच. सांगाड्यावरचा व इंजिनावरचा क्रमांक हे या वाहनांचे दात होत. नेमके तेच वर्णनात नसतात.

याबाबत विचारणा झाली की ‘जसे आहे, जेथे आहे’ या सूत्राकडे बोट दाखविले जाते. येथे मूलभूत गल्लत आहे. हे सूत्र वस्तूच्या अवस्थेविषयी आहे. वस्तू कोणती, याविषयी नव्हे. गंजलेली टाकी आणि बसलेले इंजिन ग्राहकाने मुकाट्याने पत्करावे, हे ठीक. परंतु 1962 ची जावा म्हणून पुकारलेली गाडी 1978 ची येझदी निघाली, तर तो अवस्थेचा प्रश्न राहत नाही. 1930 च्या मालविक्री कायद्याचे 15 वे कलम वर्णनावरून विकलेला माल वर्णनाशी जुळलाच पाहिजे असे सांगते, आणि केवळ तीन वार झाले म्हणून ही जबाबदारी आपोआप संपत नाही.

हा दोष आपल्याच मुलखाचा आहे असे मात्र नव्हे. 1969 च्या ‘इझी रायडर’ या चित्रपटातील मोटारसायकल म्हणून एक गाडी 2014 मध्ये अमेरिकेत लिलावात आली आणि बोली साडेतेरा लाख डॉलरपर्यंत गेली. पुढे उघड झाले की, ज्या नटाच्या प्रमाणपत्रावर ही भिस्त होती, त्याने दुसऱ्या एका गाडीलाही तसेच प्रमाणपत्र दिले होते! तेथील धनिकाला असा तोटा सोसवतो. कऱ्हाडचा कारकून किंवा मिरजेचा शिक्षक भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम उचलून हौस पुरवितो, त्याला तो सोसवणारा नाही. शिवाय क्रमांक खरवडून पुन्हा ठोकलेला आढळला, तर चोरीच्या वाहनाचा संशय त्याच्याच दारी येतो.

उपाय खर्चिक नाही. पोलीस ठाण्यांच्या आवारात बेवारस वाहनांचे लिलाव होतात. त्यांच्या जाहीर सूचनेत दोन्ही क्रमांक, नोंदपुस्तकातील साल आणि क्रमांक अस्पष्ट असल्यास तसा स्पष्ट उल्लेख असावा. खासगी लिलाव करणाऱ्यांनी मूळ भाग कोणते, बदललेले कोणते आणि माहीत नसलेले कोणते, हे तीन वेगळ्या रकान्यांत लिहावे. तिसरा रकाना भरण्यात कमीपणा नाही. या कामी जुने मेकॅनिक मोलाचे आहेत. नुसत्या नटबोल्टवरून ते साल सांगू शकतात. साताऱ्यात 1970 च्या दशकात उभ्या राहिलेल्या महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातील प्रिया स्कूटरही आता पन्नाशीला टेकत आहे. उद्या तिचेही लिलाव निघतील. ती जोडणारे कामगार हयात आहेत तोवर त्यांच्याकडून भागांची व क्रमांकांची माहिती लिहून घेण्याचे काम साताऱ्याच्या एखाद्या महाविद्यालयाने याच वर्षी हाती घ्यावे.