आधी नळ मोजा, मग आमचा डोंगर मागा



धरणाची गोष्ट निघाली की साहेब लोक एकच पाढा म्हणतात. "शहराला तहान लागली आहे, तुम्ही थोडा त्याग करा." त्याग कुणी करायचा हे ठरलेलंच असतं. तानसा, मोडक सागर, भातसा, मध्य वैतरणा ही सगळी धरणं आपल्याच डोंगरात. मुंबईला रोज साधारण ३८५ कोटी लिटर पाणी जातं, त्यातलं बहुतेक इथूनच. आणि शहापूर-मोखाड्याच्या पाड्यांवर मार्च उजाडला की बाया डवरा उकरून वाटीवाटीने हंडा भरतात, टँकरची वाट बघतात. पाईपलाईन दारावरून जाते, पण तिला आपल्यासाठी तोटी नाही.

आता वाडा-मोखाड्यात गारगाई धरण पाहिजे म्हणतात. ओगद्यासह सहा गावं उठवायची, तानसा अभयारण्यातली लाखो झाडं तोडायची. मिळणार किती? रोज ४४ कोटी लिटर.

आता हिशेब करू. मुंबईचं पाव हिस्सा पाणी किंवा त्याहून जास्त गळतीत आणि चोरीत जातं. हे आम्ही नाही, महापालिकाच वेळोवेळी सांगत आली आहे. ३८५ कोटीचा पाव हिस्सा म्हणजे ९६ कोटी लिटर. म्हणजे दोन गारगाई रोज फुटक्या पाईपातून आणि चोरट्या जोडण्यांतून जातात. घरातला माठ गळत असताना शेजाऱ्याची विहीर मागायला कोण जातं? शहर जातं.

"गळती थांबवणं सोपं नाही," असं उत्तर येतं. म्हणून मलकापूरची गोष्ट सांगतो. हे सातारा जिल्ह्यात कराडला लागून असलेलं गाव, २०११ च्या जनगणनेच्या वेळी तीसेक हजार वस्तीचं. तिथल्या नगरपंचायतीने पंधरा-सोळा वर्षांमागे चोवीस तास पाणी सुरू केलं. तुम्ही म्हणाल, चोवीस तास म्हणजे नासाडी जास्त. तसं नाही.

पाणी दिवसातून तासभर येतं तिथे लोक मिळेल तेवढं भरून ठेवतात, दुसऱ्या दिवशी शिळं म्हणून ओततात आणि ताजं भरतात. तोटी उघडीच राहते. पाईप रिकामा पडला की फुटीतून गटाराचं पाणी आत ओढलं जातं आणि पोरं आजारी पडतात. पाणी कायम असलं की साठवायची गरजच राहत नाही.

मलकापुराने जुने पाईप बदलले. प्रत्येक जोडणीला मीटर बसवला. दर पायऱ्यांनी लावला: गरजेपुरतं पाणी स्वस्त, त्यावर वापराल तसं महाग. म्हणजे गरिबाच्या हंड्याला ओझं नाही, पण अंगण धुणाऱ्याला बिल येतं. मीटरने गळतीही सापडते. रात्री दोन-तीन वाजता गाव झोपलेलं असतं, तेव्हाही मुख्य मीटर जोरात फिरत असेल तर पाणी कुठेतरी जमिनीत चाललं आहे. मग एकेक भाग बंद करून फुट शोधायची. यात कसलीही जादू नाही. आणि हे सगळं नगरपंचायतीने आणि सरकारच्या जीवन प्राधिकरणाने केलं. पाणी कंपनीला विकायची गरज पडली नाही.

मलकापूर काही देवाचं गाव नाही. त्याचं पाणी कोयनेचं, आणि कोयना धरणाने उठवलेल्या लोकांची पोरं-नातवंडं अजून जमिनीसाठी भांडतात. पण त्या गावाने निदान घेतलेल्या पाण्याचा हिशेब ठेवला.

"मलकापूर लहान, मुंबई सव्वा कोटीची," असं म्हणतील. मग वॉर्डावॉर्डाने करा! मोठं शहर म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेली पुष्कळ मलकापुरंच. मलकापुराकडे नसलेला पैसाही मुंबईकडे आहे. कमी आहे ती इच्छा. कारण फुटका पाईप खणायचा तर रस्ता अडतो, टँकरवाल्याचा आणि चोरट्या जोडणीवाल्याचा धंदा बुडतो. आदिवासीला उठवायला मात्र एक नोटीस पुरते, असा त्यांचा समज आहे.

तो समज आपण मोडायचा. २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर आपला हक्क लिहून दिला आहे. ३ ऑगस्ट २००९ च्या केंद्राच्या पत्रकात साफ म्हटलं होतं की वनजमीन वळवायची तर आधी वनहक्कांचं काम पुरं करा आणि ग्रामसभेची संमती घ्या. मुरबाडच्या काळू धरणाचं काम वनखात्याच्या मंजुरीआधीच सुरू केलं होतं. लोक कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये उच्च न्यायालयाने काम थांबवलं.

म्हणून प्रत्येक पाड्याने ग्रामसभा बोलवावी, बायांना पुढे बसवावं, आणि ठराव लिहावा:

१) शहराने आधी प्रत्येक वॉर्डाचं पाणी मोजावं, गळती किती उरली ते जाहीर करावं.
२) वापरलेलं पाणी शुद्ध करून बागा, बांधकाम, कारखान्यांना द्यावं.
३) जुन्या धरणांच्या काठच्या पाड्यांना आधी नळ द्यावा.
४) हे होईपर्यंत नव्या धरणाच्या मोजणीलाही संमती नाही.

ठरावावर सह्या-अंगठे घ्या, तारीख घाला, एक प्रत आपल्याकडे जपून ठेवा. तोंडी "नाही" साहेब विसरतो.

तहानलेल्याला पाणी द्यायला आदिवासी कधी नाही म्हणाला नाही. पण सांडणाऱ्याला आम्ही आमचा डोंगर देणार नाही.

जल-जंगल-जमीन आमच्या हक्काची!