कीबोर्ड उघडायचा कोणी?

गेल्या वर्षी ऐन दिवाळी अंकांच्या गर्दीत माझ्या कीबोर्डचा काना बिघडला. एकदा दाबलं की दोन काने उमटायचे आणि दुसरा काना टिंबांच्या वर्तुळासकट पडद्यावर लोंबत राहायचा. मी घरी बसून पानाच्या हिशेबाने अक्षरजुळणी करते. महिन्याचा पगार नाही. जितकी पानं तितके पैसे. मराठीत काना नसलेली ओळ सापडणं कठीण, त्यामुळे ओळीओळीला थांबून खोडत बसायचं. दोन दिवसांतच काम मागे पडलं.

कीबोर्ड पिशवीत घालून दुकानात गेले. काउंटरवरच्या मुलाने तो हातातही न घेता सांगितलं, "मॅडम, नवीनच घ्या. आणि घरी उघडू नका हं, तुमच्याने ते जमायचं नाही." मी मुकाट्याने परत आले. चाळीस वर्षं बोटांनी कळा बडवून पोट भरलेल्या मला, आपण हे ऐकून का घेतलं, हा प्रश्नही त्या वेळी पडला नाही.

रात्री भाचीचा फोन आला. हा कीबोर्ड तिनेच मला दिलेला. ती हसली. "मावशी, अगं तो उघडण्यासाठीच केलेला असतो. खोक्यात एक तारेचा आणि एक लोखंडी चिमटा असेल बघ. स्क्रोल लॉकची कळ तू कधी वापरतेस का? नाही ना? मग तिच्याखालचा स्विच काढ आणि कान्याखाली बसव." केबल काढली, चष्मा लावला आणि बसले. दहा मिनिटांचं काम, मला पाऊण तास लागला. पण काना सरळ झाला. एक पैसा खर्च झाला नाही.

मैत्रिणींनो, हा अनुभव केवळ बचतीचा म्हणून मी सांगत नाही. त्या पाऊण तासाने मला बराच मागचा विचार करायला लावला.

1984 साली मी टायपिंगच्या क्लासला जाऊ लागले. सकाळच्या बॅचला आम्ही बहुतेक मुलीच. मराठी तीस, इंग्रजी चाळीस ही मिनिटाला शब्दांची गती गाठली की कुठेतरी नोकरी लागेल, ही आशा. फीत बदलायला आम्हांला शिकवलं होतं. त्यापुढे मात्र मशीनला हात लावायचा नाही. ते काम महिन्यातून एकदा येणाऱ्या मेकॅनिकचं. तो झाकण काढायचा तेव्हा आम्ही बाजूला उभ्या राहायचो. मशीन चालवायचं बाईने आणि उघडायचं पुरुषाने, ही वाटणी कोणी भिंतीवर लिहून लावली नव्हती. तिची गरजच नव्हती.

आता गंमत पाहा. अमेरिकेत शोल्स आणि ग्लिडन यांचा टाइपरायटर 1870च्या दशकात बाजारात आला, तो रेमिंग्टन कंपनीने तयार केला. ही कंपनी शिलाई मशीनही करायची. त्यामुळे त्या पहिल्या टाइपरायटरवर शिलाई मशीनसारखी फुलांची नक्षी होती, तो तशाच स्टँडवर बसवलेला होता आणि ओळ संपली की पायाने पावडी दाबायची सोय होती. म्हणजे ही दोन्ही यंत्रं एकाच घरची. आपल्या घराघरांत शिलाई मशीन आहे. बाई त्याची सुई बदलते, शटल काढून धागा झटकते, दोऱ्याचा ताण जुळवते, तेल घालते. याला कोणी तंत्रज्ञान म्हणत नाही, कारण ते बाई करते! आणि त्याच बाईला कीबोर्डचे चार स्क्रू काढणं जमायचं नाही?

डाख द्यायच्या इस्त्रीचं, म्हणजे सोल्डरिंगचंही तेच. अंधेरीचं सीप्झ 1973मध्ये उभं राहिलं. तिथे इलेक्ट्रॉनिक्सच्या जुळणीला मोठ्या संख्येने तरुण मुली घेतल्या गेल्या. त्यांची बोटं नाजूक, नजर बारीक, शिवाय त्या मुकाट काम करतात, असं सांगितलं जायचं. कारखान्यात कमी पैशांत राबवायला आपली बोटं चालतात. मग स्वतःच्या टेबलावर, स्वतःच्या कामाच्या वस्तूसाठी ती का चालू नयेत?

म्हणून माझं म्हणणं असं आहे की प्रत्येक केंद्रात औजारांची एक छोटी पेटी असावी आणि सुरुवात कीबोर्डपासून करावी. कीबोर्डच का? कारण तो विजेच्या धक्क्याने मारत नाही, केबल काढली की निर्जीव असतो. आणि विशेषतः मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो. त्यात एक स्प्रिंग, एक सरकणारी दांडी आणि धातूच्या दोन पात्या, एवढंच. एक बिघडला तर तेवढाच बदलता येतो. नेहमीच्या स्वस्त कीबोर्डमध्ये सगळ्या कळांखाली मिळून रबराचा एकच पापुद्रा असतो, तिथे साफसफाईपलीकडे फारसं काही करता येत नाही.

औजारं घेताना पहिली गोष्ट म्हणजे तयार संच घेऊ नये. त्यातल्या निम्म्या वस्तू पडून राहतात. कळा उपटायला तारेचा चिमटा घ्यावा. प्लॅस्टिकच्या कड्याने कळांच्या कडांवर ओरखडे पडतात. स्विच काढायला वेगळा लोखंडी चिमटा लागतो. बारीक फुलीचे स्क्रू ड्रायव्हर दोन आकारांचे असावेत, आणि ते हातात धरून पाहूनच घ्यावेत. जाड मुठीचे स्क्रू ड्रायव्हर आपल्यातल्या अनेकींच्या हातात फिरतच नाहीत, आणि मग आपण समजतो की आपल्याच हातात जोर नाही. भुवया कोरायचा टोकदार चिमटा घरात असतोच, तो चालतो. रंगवायचा शून्य नंबरचा ब्रश घ्यावा. पुण्यात तपकीर गल्लीत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला यातलं बरंच मिळतं. दोघी-तिघींनी मिळून जावं. एकटीला दुकानदार हमखास विचारतो, "साहेबांनी नक्की काय सांगितलंय?"

आता पहिलं काम कोणतं? ज्यात चुकलं तरी पूर्ववत करता येईल, ते पहिलं. आमच्या केंद्रात आम्ही नऊ जणी बसलो तेव्हा कळा धुण्यापासून सुरुवात केली. आधी कीबोर्डचा फोटो काढला, म्हणजे कळांच्या जागा विसरायला नकोत. मग सगळ्या कळा काढून साबणाच्या कोमट पाण्यात टाकल्या, खालचा कचरा ब्रशने झाडला. कळा पूर्ण वाळायला एक दिवस ठेवल्या. त्या कचऱ्यात काय नव्हतं! शेंगदाण्याची सालं, केस, टिकलीसुद्धा! पण उघडायची भीती निम्मी तिथेच गेली.

दुसरं काम स्विच बदलण्याचं, पण हे सगळ्याच मेकॅनिकल कीबोर्डमध्ये होत नाही. 'हॉट-स्वॅप' असं लिहिलेलं असेल तरच स्विच नुसता उपटून दुसरा खोचता येतो. नाहीतर डाख काढावा लागतो. विकत घेतानाच ही एक गोष्ट विचारून घ्या. स्विच सरळ खाली दाबावा. तिरपा गेला तर त्याची पिन वाकते, पण तीही चिमट्याने सरळ होते. पाच पिनांचा स्विच तीन पिनांच्या जागेत बसत नसेल तर प्लॅस्टिकच्या दोन जादा पिना कापून टाकाव्यात.

स्विच कोणते निवडायचे, हा प्रश्न हातांचा आहे. हौशी मुलं आवाजावरून निवडतात. आपण दुखण्यावरून निवडावं. काही स्विच पंचेचाळीस ग्रॅमच्या दाबाने चालतात, काहींना साठ ग्रॅम लागतात. दिवसाला हजारो वेळा बोट खाली जातं, तेव्हा हा फरक मनगटाला कळतो. शिवाय यातले बरेचसे स्विच चार मिलिमीटर खाली जातात, पण अक्षर दोन मिलिमीटरवरच उमटतं. तळापर्यंत आपटायची गरज नसते. टाइपरायटरवर शिकलेल्या आम्हा बायकांना आपटायची सवय. ती मोडायला मला दोन महिने लागले. मनगटातली नस दबण्याचं दुखणं बायकांमध्ये जास्त आढळतं. बोटांना मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टरांकडे जा, कीबोर्ड हा काही इलाज नव्हे. पण दुखणं वाढवणारं औजार दुखऱ्या हाताखाली ठेवू नये, एवढं तरी आपल्या हाती आहे.

तिसऱ्या कामाला औजारच लागत नाही, आणि मराठी टंकणाऱ्या बाईला त्याचा सर्वांत जास्त उपयोग आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत क, ग, प, ब साधे येतात. पण ख, घ, फ, भ यांना शिफ्ट लागते. ण, ळ, श यांनाही शिफ्ट, आणि अ, आ, इ, ए यांनाही. दिवसभर करंगळी ताणून धरायची. ज्या कीबोर्डमध्ये कळांची कामं बदलायची सोय असते (सगळ्यांत नसते), त्यात मोठ्या पट्टीच्या डावीकडची अल्टची कळ शिफ्ट करून टाकता येते. मग शिफ्ट अंगठ्याने दाबायची. यासाठीची क्यूएमके नावाची प्रणाली फुकट आहे आणि खुली आहे. पहिला आठवडा अंगठा चुकतो, नंतर करंगळी दुवा देते.

चौथं काम वंगणाचं. मोठ्या पट्टीखाली तारेचा आधार असतो, तो खडखडतो. त्या तारेला घट्ट ग्रीसचं बोट लावलं की आवाज बसतो. शिलाई मशीनचं तेल इथे चालत नाही, ते पातळ असल्याने वाहून जातं. खोबरेल तर नाहीच, ते थंडीत गोठतं आणि धूळ धरतं. बोर्डाच्या मागच्या बाजूला कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर लावले की आवाज आणखी मऊ होतो. कोणी म्हणेल, आवाजाचं कशाला एवढं कौतुक? आमच्यातल्या एकीने याचं उत्तर दिलं. ती घरची कामं आटोपून रात्री अकराला टायपिंगला बसते. एकच खोली. नवरा म्हणतो, "ती टकटक बंद कर, मुलं झोपलीत." वंगण लावल्यापासून तिला रोज रात्री दीड तास जास्त मिळतो. कोणाचा आवाज घरात खपतो आणि कोणाचा नाही, हा प्रश्न वंगणाने सुटत नाही, हे मलाही कळतं. पण त्या दीड तासाचे पैसे तिच्या हातात येतात.

डाख देण्याचं काम शेवटी. आधी भंगारातल्या रेडिओच्या बोर्डावर हात बसवावा. नेहमीच्या डाखाच्या तारेत शिसं असतं. ते गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांच्या दृष्टीने वाईट; त्यांनी हे काम करू नये. शिशाविना मिळणारी तारही असते, तिला जास्त उष्णता लागते. कोणतीही तार असली तरी तिच्यातल्या राळेचा धूर छातीला चांगला नाही. खिडकी उघडी ठेवा, काम झाल्यावर हात साबणाने धुवा, त्या टेबलावर खाऊ नका. सीप्झच्या मुलींना हे कोणी सांगितलं होतं का, असा प्रश्न हे लिहिताना मनात येतोच.

आमच्या बैठकीत यावर चांगलीच चर्चा झडली. एक ज्येष्ठ कार्यकर्ती म्हणाली, "बायका मार खाऊन आपल्याकडे येतात, रेशन मिळत नाही म्हणून येतात, आणि आपण कीबोर्ड धूत बसायचं?" दुसरी म्हणाली, "मेकॅनिकल कीबोर्ड परवडतो कोणाला? हे पगारदार पोरांचे चोचले आहेत." दोघींचं म्हणणं मी उडवून लावत नाही. कीबोर्ड महाग आहे हे खरं. म्हणूनच एकीने नव्हे, केंद्राने एक घ्यावा असं मी म्हणते. आणि मार खाऊन आलेल्या बाईची तक्रार, अर्ज, जबाब आपणच टाइप करतो. ऐन वेळी मशीन बंद पडलं की कोणाचा तरी भाऊ, कोणाचा तरी मुलगा येईपर्यंत आपण थांबतो. हे थांबणं आपल्या इतकं अंगवळणी पडलं आहे की तेही अवलंबून राहणंच आहे, हे दिसत नाही.

आमच्या केंद्रात आता महिन्यातला एक शनिवार ठरला आहे. पेटी कपाटात आहे, तिला कुलूप नाही. नियम एकच : जिने एकदा उघडलं, तिने पुढच्या वेळी दुसरीला शिकवायचं आणि स्वतः हात मागे ठेवायचे. हा नियम पाळणं मला सर्वांत जड जातं. समोरची चाचपडू लागली की वाटतं, दे इकडे, मी पटकन करते. मग तो मेकॅनिक आठवतो आणि मी हात मांडीखाली दाबून बसते.

तुमच्या गटात असं काही चालू असेल तर कळवा. नसेल तर येत्या बैठकीला एक बिघडलेला कीबोर्ड आणि एक स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा. बिघडलेलाच आहे, आणखी काय बिघडणार?